भुरीबाईचा कुडा

अक्कलकुवा, ता. १४ जुलै १९२९

डॉ. लोटनराव यांस,

पत्राची सुरुवात 'कृतानेक साष्टांग नमस्कार' अशी करावी, हे तुम्हीच मला शिकवलंत. या वेळी नुसता नमस्कार. पाठ वाकवायची इच्छा नाही.

तुमचा छापील निबंध दवाखान्यात आला. इंग्रजीत आहे. तुमच्या जागी आलेल्या नव्या डॉक्टरांनी मला टेबलापाशी उभं केलं, एकेका वाक्याचा अर्थ मराठीत सांगितला आणि माझ्याकडूनच लिहून घेतला. सातपुड्यातले भिल्ल रक्ती आवेवर कुड्याच्या सालीचा काढा देतात. ती साल मुंबईच्या प्रयोगशाळेत तपासली. तिच्यात काहीही औषधी गुण आढळला नाही. हा समज निराधार आहे. 'निराधार' शब्द लिहिताना टाक अडला. नव्या डॉक्टरांना वाटलं, मला शब्द येत नाही. त्यांनी अक्षरं सांगितली.

मग बाजाराच्या दिवशी दवंडी पिटली. भुरीबाईची साल कोणी पिऊ नये, आव झाली तर थेट दवाखान्यात यावं. माझी आई त्याच बाजारात मीठ घ्यायला आली होती. डोंगरातल्या आमच्या काठी गावाहून पायी. डोक्यावर टोपली, आणि सगळा बाजार तिच्याकडे वळून बघतोय. तिला दवंडीतलं मराठी कळलं नाही, स्वतःचं नाव तेवढं कळलं. तिने मला विचारलं, "याहा मोगीच्या जत्रेला हाक देतात तशी हाक देतायत. मला कुठे बोलावलंय?"

मी सांगितलं. तिने मीठ बांधून घेतलं.

दुपारी कारकुनाने कागद पुढे केला. यापुढे साल देणार नाही, असा मजकूर. अंगठा तिचा आणि 'वाचून समजावून सांगितलं' म्हणून सही माझी. आईने अंगठा मुठीत दाबून धरला. म्हणाली, "हा अंगठा माझ्या हाताचा आहे. त्याच्या कागदाचा नाही." मीही सही केली नाही. नोकरी जाईल, असं कारकून म्हणाला. म्हटलं, बघू.

डॉक्टरसाहेब, तीन वर्षांपूर्वीचा पावसाळा विसरलात का? तापीला पूर होता, नंदुरबारकडून माणूस येईना की औषध येईना आणि दवाखान्याच्या खाटेवर आवेने तुम्हीच आडवे झाला होतात. उठून बसायचं बळ नव्हतं. मी डोंगरात जाऊन आईला घेऊन आलो. तिने तीन दिवस सकाळ-संध्याकाळ काढा पाजला. चौथ्या दिवशी तुम्ही डोळे पुसत तुमच्या घरच्या बोलीत म्हणालात, "उदेसिंग, तुन्ही मायनी माले वाचाडं रे." आईने विचारलं, काय म्हणतो? मी सांगितलं. ती म्हणाली, "त्याला सांग, बोलू नकोस, पेज पी."

मग तुम्ही तिच्यामागून डोंगर चढलात. तिने दोन कुडे दाखवले, पांढरा आणि काळा. सालीवरून फसायला होतं, शेंगा बघ, म्हणाली. ज्याच्या जोडशेंगा टोकाशी एकमेकींना धरून लटकतात, तो काळा, तो नको. ज्याच्या सुट्या लटकतात, तो घे. तुम्ही वहीत दोन्ही शेंगा काढून घेतल्यात. मुंबईची नोकरी लागली तेव्हा तिच्या पाया पडून म्हणालात, "माय, तुन्हं नाव मी छापसू."

तुम्ही छापलंत. तिचं नाव नाही. 'निराधार' एवढंच.

माझं म्हणणं थोडक्यात असं. साल पुन्हा तपासा. तोवर माझी सही मिळणार नाही आणि तिचा अंगठाही.

उदेसिंग वसावे, कंपाउंडर

अक्कलकुवा, ता. ६ ऑगस्ट १९२९

डॉ. लोटनराव यांस,

उत्तर मिळालं. तुम्ही लिहिता, 'प्रयोगशाळेत दोन गोण्या आल्या, त्यांच्यावर लेबल कोणाच्या सहीचं होतं ते आठव आणि मग मला जाब विचार.' आठवतं. त्याबद्दल मी पुढे लिहीन. आज दुसरं सांगायचं आहे.

आमशा गेला. तुम्ही त्याला ओळखता. माझा मामेभाऊ. तुम्ही डोंगरात आलात तेव्हा तुमची छत्री आणि बूट हातात घेऊन ओढा ओलांडून देणारा तोच. त्याचं घर आईच्या घरापासून हाकेच्या अंतरावर. त्याला रक्ती आव लागली. चार दिवस त्याने आईला कळू दिलं नाही. त्याची बायको मोतीबाई काढ्यासाठी येऊ बघायची, तर हा तिला अडवायचा. म्हणायचा, "दवंडी पिटलीये. आत्याने मला साल दिली आणि कोणी सांगितलं, तर तिला धरून नेतील." स्वतःच्या जिवाला नाही भ्याला, तिच्यासाठी भ्याला.

पाचव्या दिवशी झोळीत घालून त्याला खाली आणलं. ओढे भरलेले, दोन दिवस लागले. आवेवरच्या एमेटिनच्या सुया संपल्या होत्या. नव्या डॉक्टरांनी होतं ते सगळं केलं, हे मी कबूल करतो. स्वतःच्या हाताने त्याला साफ केलं. तो माणूस वाईट नाही. तो तुमच्या छापील कागदावर विश्वास ठेवतो, एवढंच. तिसऱ्या दिवशी सकाळी आमशा गेला.

मोतीबाईने मला विचारलं, "भुरीमायची साल पाजली असती तर?"

मला माहीत नाही. साल पिऊनही माणसं गेलेली मी पाहिली आहेत. तुम्हालाही माहीत नाही, साहेब. फरक एवढाच, की माहीत नसताना तुम्ही छापलंत.

आता ऐका. तुम्ही म्हणाल, आईच्या प्रेमाने बोलतो. म्हणून प्रेमाचं काम नको. मी तुम्हाला सालीच्या तीन पुड्या पाठवणार आहे. वर फक्त आकडा असेल, एक, दोन, तीन. एक साल पांढऱ्या कुड्याची, आईने काढलेली. एक काळ्या कुड्याची, तिनेच काढलेली. एक भटूशेठ ठेकेदाराच्या वखारीतली, तुमच्या गोण्या भरून उरलेल्या ढिगातली. कुठल्या पुडीत काय, ते मी कागदावर लिहून पाकीट लाखेने बंद करीन आणि इथले पोस्टमास्तर छगनभाई यांच्या पेटीत ठेवीन. त्यांना ना कुडा कळतो ना आव. तुम्ही तिन्ही पुड्या तपासा आणि काय सापडलं ते सही करून छगनभाईंना कळवा. मग पाकीट फोडू.

आजवर तुम्ही आमची झाडं तपासलीत. या वेळी तुमची काचेची भांडी तपासायची आहेत.

नको असेल तर तसं लिहा. तेही मी बाजारात वाचून दाखवीन.

उदेसिंग

अक्कलकुवा, ता. २५ ऑगस्ट १९२९

डॉ. लोटनराव यांस,

'पाठव' एवढंच लिहिलंत. ठीक. पुड्या सोबत आहेत.

साल काढताना मी आईबरोबर होतो, म्हणून कशी काढली ते लिहून ठेवतो. जून झाडच घेतलं, पोरवयाचं नाही. खोडाला हात लावून ती आधी शेंगा शोधत वर बघत राहिली. या दिवसांत हिरव्या कोवळ्या असतात, पण दिसतात. मग सालीचा एक कपटा तोंडात धरला, थुंकला आणि मलाही चघळायला लावला. दिवसभर माझ्या जिभेवरून कडू गेलं नाही. वीतभर रुंद पट्टी काढली, तीही एकाच बाजूने. जखमेवर ओला चिखल लिंपला. खोडाला सगळीकडून सोललं तर झाड मरतं आणि पुढच्या आजाऱ्याला काय देणार, असं तिचं म्हणणं.

काळ्या कुड्याचीही तशीच निगुतीने काढली. मी म्हटलं, "ही तर नको असलेली आहे, कशाला एवढा चिखल लिंपतेस?" ती म्हणाली, "झाडाने काय वाईट केलं? चूक उचलणाऱ्याची असते."

ते वाक्य मला लागलं. का, ते या पत्रात लिहीत नाही.

भटूशेठच्या वखारीतून तिसरी पुडी मी आणली. कशाला हवी म्हणून त्याने विचारलं. म्हटलं, मुंबईला हवी आहे. त्याने आनंदाने मूठभर जास्तच दिली.

पाकीट छगनभाईंकडे आहे. लाखेवर त्यांचा शिक्का, माझा नाही.

उदेसिंग

अक्कलकुवा, ता. ९ ऑक्टोबर १९२९

डॉ. लोटनराव यांस,

तुमचं छगनभाईंच्या नावचं पत्र गेल्या आठवड्यात आलं. त्यांनी पोस्टाच्या ओसरीवर पाच माणसं बोलावली. नवे डॉक्टर, शाळेचे मास्तर, काठीहून आई, मोतीबाई आणि मी. आधी तुमचं पत्र वाचलं. पुडी एक, सालीतला औषधी कडू क्षार नाही. पुडी दोन, कडू क्षाराचे स्फटिक मिळाले, भरपूर, आणि त्या पाण्याने काचेवरचे आवेचे जंतू हालायचे थांबले. पुडी तीन, जवळजवळ काही नाही.

मग छगनभाईंनी लाख फोडली. एक, काळा कुडा. दोन, भुरीबाईचा पांढरा कुडा. तीन, भटूशेठची वखार.

मास्तर मोठ्याने हसले. नव्या डॉक्टरांनी टोपी काढून कपाळ पुसलं. छगनभाई त्यांच्या गुजरातीत म्हणाले, "आ तो बरोबर छे," आणि पुन्हा एकदा वाचलं. मी आईला समजावून सांगितलं. तिने विचारलं, "त्याने चघळली होती का?" म्हटलं, नाही, काचेच्या भांड्यात उकळली. "मग एवढे दिवस का लागले?"

मोतीबाई हसली नाही. उठून निघून गेली. तिच्या मागे जायची माझी छाती झाली नाही आणि त्याचं कारण आता लिहितो. जुलैपासून हे लिहायचं टाळतोय.

मार्चमध्ये तुमचा निरोप आला होता, दोन गोण्या साल तातडीने पाठव, आईकडून ओळखून घे, तुझी खात्री झाली की लेबल लाव. एवढी साल आई काढणार नाही, हे मला ठाऊक होतं. ती वीतभर काढते. म्हणून भटूशेठला सांगितलं. त्याची माणसं जंगलात गेली. झाडावर पान नव्हतं, शेंगा फुटून उडालेल्या. दिसेल तो कुडा त्यांनी सोलला. गोण्या शिवून दवाखान्याच्या दारात आल्या, तो काठीच्या होळीचा आदला दिवस. मी नवसाची मानता घेतली होती. पाच दिवस व्रताची पाळणी, अंगाला राख, कमरेला भोपळे, डोक्याला मोरपिसांचा टोप. सूर्य मावळायच्या आत काठीला पोचायचं होतं. मी गोण्यांची शिवण उसवली नाही. वरूनच लेबल लिहिलं. 'भुरीबाई हिने स्वतः ओळखून दिलेली साल. खात्री केली. उ. वसावे, कंपाउंडर.'

तिने ती साल पाहिलीही नव्हती. खोटं मी लिहिलं. तिच्या नावाने लिहिलं.

मी उभा राहून हे सगळं त्या ओसरीवर सांगितलं, आधी मराठीत, मग आमच्या बोलीत. आई म्हणाली, "नाच पुरा केलास. काम अर्धं ठेवलंस." आणखी काही नाही. डोंगर चढताना ती माझ्यापुढे चालत होती. आमशाच्या घरापाशी आल्यावर थांबली. "आत जा. मोतीला तूच सांग. ती मधेच उठून गेली, तिने अर्धंच ऐकलंय." मी गेलो. मोतीबाईने मला बसायलाही सांगितलं नाही, पण ऐकून घेतलं. ती काय म्हणाली, ते तुमच्यासाठी नाही.

नव्या डॉक्टरांना मी माझा राजीनामा दिला. त्यांनी घ्यायला दोन दिवस लावले.

आता तुमच्याबद्दल. तुमच्या खासगी चिठ्ठीत तुम्ही सुचवता, की ठेकेदाराने भेसळ केली एवढंच छापू, तुझं नाव येणार नाही, माझंही निभावेल. नको. भटूशेठने दिसला तो कुडा सोलला, त्याला कोणी शेंगा दाखवल्या नव्हत्या. शेंगा मला ठाऊक होत्या आणि तुम्हालाही. गोण्या तुमच्यासमोर उघडल्या. तुमच्या वहीत चित्र होतं, तोंडात जीभ होती. एक कपटा चघळला असता तरी कळलं असतं. तुम्ही माझ्या लेबलावर विश्वास ठेवलात आणि मी भटूशेठच्या शिवणीवर. जिला सगळं ठाऊक होतं तिला आपण दोघांनीही विचारलं नाही. नाव मात्र तिचंच वापरलं.

छापा, की कंपाउंडर उदेसिंग वसावे याने न पाहता खात्री दिली आणि डॉ. लोटनराव यांनी न पाहता ती मानली. मी चुकलो म्हणून झाड चुकलं नाही. हे मी कुठेही, कोणाहीपुढे सांगायला तयार आहे.

उदेसिंग वसावे (कंपाउंडर शब्द आता लिहायचा नाही)

काठी, ता. २ डिसेंबर १९२९

डॉ. लोटनराव यांस,

दुरुस्तीची छापील प्रत मिळाली. मास्तरांकडून अर्थ लावून घेतला. माझी चूक छापली, तुमची छापली. हे सोपं नव्हतं, ते मला कळतं. तुमच्या वरिष्ठांनी तुम्हाला काय ऐकवलं असेल, त्याचा अंदाज येतो. त्याबद्दल आज पुन्हा पूर्ण नमस्कार करतो.

पण साल कोणी ओळखून दिली, तिथे छापलं आहे, 'एका स्थानिक भिल्ल स्त्रीने.' तुम्ही लिहिता, संपादकांचा नियम आहे, ज्यांच्यापाशी पदवी नाही त्यांची नावं निबंधात घेत नाहीत. साहेब, भटूशेठचं नाव छापलंय. त्याची कुठली पदवी?

साल खोटी ठरली तेव्हा भर बाजारात तिचं नाव ढोल वाजवून घेतलं. खरी ठरल्यावर ती 'एक स्त्री' झाली. हा कसला नियम?

तुम्ही आणखी चार झाडं मागितली आहेत, तापावरची, जखमेवरची, बाळंतिणीची, विंचवाची. आईने नकाराची मान हलवली. मी तिला विचारून तिचेच शब्द मराठीत करतो. "त्याला सांग, मला छापलेलं वाचता येत नाही, मला त्याचं काही नाही. पण माझ्या भावाचा मुलगा माझं नाव ऐकून घाबरला आणि मेला. ते नाव ज्या बाजारात घाण केलं, तिथे त्याने स्वतः येऊन धुवावं. दुसऱ्याला पाठवू नये."

हे तिचं. माझं वेगळं आहे. मला वाचता येतं, म्हणून मला छापलेलं हवं आहे. भुरीबाई वसावे, राहणार काठी. सगळी अक्षरं. ते येईपर्यंत आमच्या डोंगरातलं एक पानही तुमच्या टेबलावर येणार नाही. भटूशेठला सांगून बघा. तो देईल. पण तो कुठलं पान देईल, ते तुम्हाला आता कळायला लागलंय.

मी ज्वारी काढतोय. हात सोलवटलेत, म्हणून अक्षर खराब आहे. सांभाळून घ्या.

उदेसिंग

काठी, ता. २० फेब्रुवारी १९३०

डॉ. लोटनराव यांस, साष्टांग नमस्कार.

नंदुरबारला गाडी वेळेवर मिळाली असेल. तुम्ही गेल्यावर बाजारात तीन आठवडे तुमचीच चर्चा होती. भर बाजारात उभं राहून, कोट घातलेल्या माणसाने, आधी मराठीत आणि मग अहिराणीत, "मी चुकनू. हाई मायनी साल खरी शे," असं म्हणताना इथे कोणी पाहिलं नव्हतं. ढोलवाला तर विचारत होता, आता वाजवू की नको? मोतीबाई गर्दीच्या कडेला उभी होती. तुम्ही बोलताना तिने पदर तोंडाशी धरला होता. तुम्ही तिच्यापुढे जाऊन हात जोडलेत, ते बरं केलंत. ती अजून कोणाशी फारसं बोलत नाही. पण आता तिच्या घरी कोणी आजारी पडलं, तर ती उघडपणे आईकडे येते.

छापील पान परवा मिळालं. भुरीबाई वसावे, काठी. मी तिला बोटाने दाखवलं. तिने विचारलं, यातलं 'भुरी' कोणतं? दाखवलं. तिने त्यावर बोट ठेवलं आणि म्हणाली, "एवढंसंच?" मग पान मला परत दिलं. चुलीपाशी ठेवू नकोस, एवढं सांगितलं.

कबूल केल्याप्रमाणे झाडं पाठवणार होतो. पार्सलमध्ये तीनच आहेत. चौथं, तापावरचं मूळ, का नाही, ते सांगण्यासाठी हे पत्र.

आपल्या तीन पुड्यांचा खेळ आईच्या डोक्यातून गेला नव्हता. दिवाळीनंतर हिवतापाची साथ आली आणि माणसं तिच्या दारात बसायला लागली. ती मला म्हणाली, "हे मूळ मी माझ्या आईकडून घेतलं. तिने तिच्या आईकडून. चांगलं आहे, असं आम्ही म्हणतो. पण काळ्या कुड्याच्या पुडीसारखी पुडी आम्ही कधी त्याच्या शेजारी ठेवली नाही." खरं सांगतो, मला नको होतं. नुकतीच कुठे तिची साल खरी ठरली होती.

तिने तीन दोऱ्या घेतल्या. लाल, काळी, पांढरी. ज्या दिवशी जो येईल त्याला त्या दिवसाचं. एक दिवस मूळ, एक दिवस नुसती गरम पेज आणि एक दिवस दवाखान्यातली कोयनेलची, तुमच्या क्विनीनची, पुडी. ती मागायला मी स्वतः नव्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी हसत दिली, पण दिली. पेजेच्या दिवशी कोणी फार खंगलेला आला, तर ती नियम मोडून त्याला कोयनेलच द्यायची आणि तो मोजायचा नाही, असं सांगायची. ज्याचा ताप आठ दिवसांत परत आला नाही त्याच्या नावाची त्या दिवसाच्या दोरीला एक गाठ. गाठ तीच मारायची, मी नाही. माझ्या खात्रीवर तिचा अजून भरवसा नाही आणि तो तिचा हक्क आहे.

पौष संपला तेव्हा तिने तिन्ही दोऱ्या अंगणात लांब पसरल्या. कोयनेलच्या पांढऱ्या दोरीवर गाठीच गाठी. मुळाच्या आणि पेजेच्या दोरीवर जवळजवळ सारख्याच, आणि थोड्या. तिन्ही दोऱ्यांच्या दिवशी आलेली माणसं सारखीच होती, तेही तिने माणसागणिक ठेवलेल्या खड्यांनी मोजून बघितलं. एकदा नाही, तीनदा.

दोन दिवस ती पाणीही नीट प्यायली नाही. मी म्हटलं, "आई, थोड्या माणसांवरून काय कळतं? पुढच्या वर्षी पुन्हा बघू." खोटं बोलत होतो, तिला बरं वाटावं म्हणून. तिने माझ्याकडे असं पाहिलं, की मला होळीचं ते लेबल आठवलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी तिने घरात साठवलेली सगळी मुळं टोपलीत भरली आणि ओढ्यापलीकडे जिथून खणली होती तिथेच पुरून आली. संध्याकाळी तापाचा माणूस दारात आला. तिने त्याच्या कपाळाला हात लावला आणि म्हणाली, "तापाचं माझ्याकडे नाही. खाली दवाखान्यात चांगलं आहे. उदेसिंग तुला पोचवील." मी पोचवलं. नव्या डॉक्टरांना विश्वास बसेना. म्हणाले, "भुरीबाईने पाठवलं? माझ्याकडे?"

म्हणून तुमच्या पार्सलात चौथी पुडी नाही. ते मूळ तपासण्यात तुमचा वेळ घालवू नका. तपासून झालं आहे.

तुमच्या प्रयोगशाळेत हे सांगा, साहेब. आईकडून, आजीकडून आलेलं औषध एका बाईने तीन दोऱ्यांवर मोजलं, ते कमी भरलं आणि तिने तिच्याच हाताने पुरलं. मग तिथल्या कपाटांवर एकदा नजर फिरवा. किती बाटल्या आहेत? त्यांतल्या किती कोणी मोजल्या? आणि मोजून कमी भरली म्हणून आजवर तुमच्यापैकी कोणी एक तरी पुरली का?

आई विचारते आहे. उत्तर पाठवा.

उदेसिंग, भुरीबाईचा